आधी साल बघ

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावहून आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"मावशी, मी ३८ वर्षांची, हे ४४. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी पतसंस्थेत आहे, हे एमआयडीसीत. पुण्याला तीनदा उपचार केले. आता शरीर नको म्हणतं आणि मनही. मूल दत्तक घ्यायचं यावर आमच्या दोघांचं एकमत आहे. सासूबाई म्हणतात, बाहेरचं कशाला, धाकट्या दिराचा दुसरा मुलगा घ्या. ओळखीच्या एक बाई म्हणतात, एका दवाखान्यात सोय होते, तीन-चार लाख लागतील, जन्मदाखलाच तुमच्या नावावर मिळेल. मला घाई करायची नाही, आधी नीट वाचायचं आहे. पण वाचनालयात दत्तकावर पुस्तक मागितलं तर इतिहासाच्या कपाटाकडे पाठवलं. मोबाईलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसते. एकीकडे लिहिलंय कोर्टात जा, एकीकडे कलेक्टरकडे. कुठे मूल पंधरा वर्षांपर्यंतचं, कुठे अठरा. डोकं भणभणतं. वर्ष-दोन वर्षं सगळं समजून घ्यावं आणि मगच अर्ज करावा असं ठरवलंय. तुम्ही लायब्ररीत होतात म्हणून तुम्हालाच विचारते. मला अगं म्हटलेलं आवडेल."

अगं,

वर्ष-दोन वर्षं थांबू नकोस. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई वाचन मागे ठेव म्हणतेय याचं तुला नवल वाटेल, पण आधी एक बेरीज कर. तुझे ३८ आणि यजमानांचे ४४, झाले ८२. सध्या लागू असलेल्या २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. पुढच्या वर्षी तुमची बेरीज ८४ होईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी ८६. दर वर्षी ती दोनाने वाढते, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती मर्यादा ९० आहे, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. शिवाय मूल आणि आईबाप यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे दार बंद होत नाही. पण कुठल्या वयाचं मूल घ्यायचं हे तुम्ही दोघांनी बसून ठरवावं, कॅलेंडरने तुमच्यासाठी ठरवू नये.

वय धरतात ते नोंदणीच्या दिवशीचं. आणि सुदृढ, तान्ह्या बाळासाठी आज तीन वर्षांहून जास्त वाट बघावी लागते. म्हणून नाव नोंदव आणि मग सावकाश वाच. वाचायला वेळच वेळ मिळणार आहे.

नोंदणी होते केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, केअरिंग्ज नावाच्या पोर्टलवर. दोघांचं पॅन कार्ड, फोटो, जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला आणि दोघांची प्रकृती ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र एवढं जवळ ठेव. कागद चढवायला तीस दिवस मिळतात. त्यानंतर समाजसेविका घरी येऊन गृहअध्ययन अहवाल करते, तो तीन वर्षं चालतो. ती येणार म्हणून भिंतींना रंग काढू नकोस. तुमच्या घरात कोण कुणाशी कसं बोलतं, मूल हवं असं तुम्हाला का वाटतं, घरातल्या मोठ्यांचं मत काय, हे ती बघते.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

वाचनालयातल्या माणसाने तुला इतिहासाच्या कपाटाकडे पाठवलं याचा राग मानू नकोस. साताऱ्यात दत्तक म्हटलं की तेच आठवतं. १८४८ च्या एप्रिलमध्ये छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. कंपनी सरकारने ते दत्तक नामंजूर केलं आणि सातारा खालसा झालं. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्या कारणावरून खालसा केलेलं हे पहिलं संस्थान. झाशी, नागपूर त्यानंतर. तेव्हा आपल्या गावात 'दत्तक' हा शब्द गादी, वारसा आणि वाड्याच्या कागदांशी जोडला गेलाय तो उगीच नाही.

ते कपाट तुझ्या कामाचं नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. जुन्या काळी दत्तक घ्यायचं ते घराण्यासाठी. नाव चालायला, पिंड द्यायला, मिळकत सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून. आज ज्या कायद्याने तुला मूल मिळेल त्याची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. एका मुलाला घर नाही, त्याला घर द्यायचं आहे, असं धरून तो लिहिलेला आहे. तू काहीही वाचायला घेतलंस की लिहिणारा या दोहोंतल्या कुठल्या टोकाला उभा आहे ते बघ. मोबाईलवर दिसणाऱ्या निम्म्या लेखांत ही दोन टोकं एकाच परिच्छेदात कोंबलेली असतात, म्हणून तुझं डोकं भणभणतं.

पंधरा आणि अठरा यांचा घोळ त्यातूनच आलाय. आपल्याकडे दोन कायदे शेजारी शेजारी चालतात. एक १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. त्यात देणारे आईबाप हयात असतात, ते मूल हाताने देतात आणि घेणारे घेतात. त्यात साधारण पंधरा वर्षांच्या आतलं मूल लागतं. दुसरा २०१५ चा बाल न्याय अधिनियम. तो अनाथ, सोडून दिलेल्या आणि आईबापांनी रीतसर सुपूर्द केलेल्या मुलांसाठी आहे, त्यात अठरापर्यंतचं मूल येतं, आणि घेणाऱ्याचा धर्म कोणता हे तो विचारत नाही. संस्थेतून येणारं मूल या दुसऱ्या कायद्याने येतं. तुला दोन्ही ठिकाणी वाचलेलं खरंच होतं, फक्त कुठलं वाक्य कुठल्या कायद्यातलं हे लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

कोर्ट की कलेक्टर याचं उत्तर सालात आहे. २०१५ च्या कायद्यात दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालय देत असे. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने चालू प्रकरणं तिकडे वळवायला अंतरिम स्थगिती दिली. आता २०१९ चा लेख वाचणारीला कोर्ट दिसणार, २०२२ च्या ऑक्टोबरातला लेख वाचणारीला कलेक्टर, आणि २०२३ चा वाचणारीला दोन्ही. तुझं प्रकरण त्या टप्प्यावर येईल तेव्हा साताऱ्यात काय चालू आहे ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचार. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत असतो. तिथली माणसं रोज हेच काम करतात, त्यांना विचारायला संकोच कसला?

आमच्या ग्रंथालयात नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला एकच सवय लावायचे. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघू नको, शीर्षकपानाच्या मागचं पान उघड आणि साल बघ. कादंबरीला साल नसलं तरी चालतं, कायद्याच्या पुस्तकाला नाही चालत. तुझ्या गावच्या वाचनालयात दत्तकाच्या कायद्यावर एखादं पुस्तक निघेलही, पण ते १९८५ चं असेल तर हात जोडून परत कपाटात ठेव. मोबाईलवर हे जास्त जपावं लागतं, कारण तिथे पान पिवळं पडत नाही. दहा वर्षांपूर्वीचा लेख कालच लिहिल्यासारखा दिसतो. वर तारीख नसेल, किंवा कायद्याचं नाव आणि साल नसेल, तर वाचू नको, पुढे जा.

मराठीत सुरुवात कुठून करायची म्हणशील तर आपल्याच जिल्ह्यातून कर. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. त्यात दत्तकाची नोंद आहे. धर्मशास्त्रात काय होतं, इंग्रजी अमलात काय झालं, १९५६ ला काय बदललं हे समजायला ती फार चांगली. पण ती २०१५ च्या कितीतरी आधीची आहे हे विसरू नकोस. ती पाया म्हणून वाच, अर्ज भरायला वापरू नकोस.

अर्जासाठी मूळ कागदच वाच. काराच्या संकेतस्थळावर २०२२ चे नियम आहेत, आणि कायदा 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर दुरुस्त्यांसह मिळतो. भाषा इंग्रजी-हिंदी आहे, रटाळ आहे, पण तू पतसंस्थेत कर्जाचे करारनामे वाचतेस, तुला जड जाणार नाही. नियमांच्या शेवटी परिशिष्टं असतात ती आधी उघड. कुठला खर्च किती, कोणाला द्यायचा, ते तिथे छापलेलं आहे. त्याच्या वर कुणी एक रुपया मागितला किंवा पावती देत नाही म्हणाला, तर तू चुकीच्या दारात उभी आहेस. आणि संकेतस्थळाचा पत्ता शेवटपर्यंत वाच. सरकारी असेल तर तो जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वर संपतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी भाची नोंदणी करत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. एक संकेतस्थळ उघडलं. वर बाळाचा हात धरलेलं चित्र, खाली अशोकस्तंभासारखं काहीतरी, आणि 'नोंदणी सहाय्य' म्हणून पंधरा हजार. मी म्हटलं, व्यवस्थित दिसतंय, भर. पत्त्याचं शेवटचं टोक मी वाचलंच नाही. आयुष्यभर पोरींना साल बघा, प्रकाशक बघा सांगणारी मी. पैसे गेले ते गेलेच, पण चार महिने ती बिचारी आपली नोंदणी झाली या समजात राहिली. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. रांगेतले चार महिने म्हणजे काय ते तुला आता कळलं असेल.

फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर 'गोंडस बाळ दत्तक द्यायचे आहे, संपर्क करा' असे निरोप फिरतात. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट असताना, ते इतके फिरले की सरकारला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. कितीही करुण वाटलं तरी त्यातल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नकोस. खरंच एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळव.

वाचनालयात मात्र जरूर जा, फक्त 'दत्तक' हा शब्द घेऊन जाऊ नकोस. कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळाली तर ३६२.७३४ या क्रमांकाचं कपाट विचार, पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणात दत्तक त्या आकड्यावर लागतं. तिथे फार काही सापडणार नाही. खरा खजिना १५५.४ आणि ६४९ मध्ये, बालमानसशास्त्र आणि बालसंगोपन. समाजकार्याचा अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजात तर मूल आणि सांभाळणारा यांच्यातला बंध कसा तयार होतो यावर बरंच मिळेल. सार्वजनिक वाचनालयात हे आकडे नसतीलही, तिथे ग्रंथपालाला सरळ सांग की संस्थेत वाढलेल्या मुलांबद्दल वाचायचं आहे. वर्षभर पाळण्यात राहिलेलं मूल कुशीत घेतल्यावर अंग ताठ का करतं, रात्री उठून जेवणाच्या डब्याजवळ का जाऊन बसतं, तीन वर्षांचं असून बोलत का नाही, हे आधी वाचलेलं असेल तर त्या रात्री तू घाबरणार नाहीस. आपल्याकडे आईबाप सगळा जोर कागद पुरे करण्यावर लावतात आणि मूल घरी आल्यावर काय होतं याचं एक पान वाचलेलं नसतं. तुझ्याकडे असलेल्या वेळातला निम्मा यासाठी ठेव.

आणि वृत्तपत्र विभागात बस. जिल्ह्याच्या पानावर, जाहिरातींच्या गर्दीत कधीकधी एक छोटा चौकोन दिसतो. तान्ह्या बाळाचा किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाचा फोटो, कुठे आणि कधी सापडलं त्या दोन ओळी, आणि नातेवाइकांनी इतक्या दिवसांत संपर्क साधावा असं आवाहन. मी रोज दैनिकांना शिक्का मारायचे, माझ्या हाताखालून असे कित्येक चौकोन गेले. तुला ते बघून वाटेल, हे मूल आपल्याला मिळालं तर. तसं वाटू दे, पण ते कशासाठी छापलंय तेही बघ. ते त्या मुलाच्या माणसांना हाक मारतंय. सापडलेलं मूल बालकल्याण समितीपुढे जातं, त्याच्या घरच्यांचा शोध घेतला जातो. आईने स्वतः येऊन मूल सुपूर्द केलं असेल तर तिला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. हे सगळं संपल्यावर समिती त्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त म्हणून जाहीर करते. दोन वर्षांच्या आतल्या सापडलेल्या मुलाचं हे दोन महिन्यांत व्हायला हवं, मोठ्याचं चार महिन्यांत. लोक विचारतात, अनाथाश्रम भरलेत मग आम्हाला थांबायला का लावतात. अनाथाश्रमातली कितीतरी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली असते, कुणाचा बाप तुरुंगात असतो. ती त्यांचीच मुलं आहेत.

त्या साठ दिवसांवर जरा थांबून विचार कर, म्हणजे दवाखान्यातली 'सोय' काय आहे ते कळेल. ती सोय म्हणजे एका बाईचे साठ दिवस खाऊन टाकणं. ती बाळंत होते, कदाचित लग्न झालेलं नसतं, कदाचित तिसरी मुलगी झालेली असते, आणि शुद्धीवर येईतो बाळ गेलेलं असतं. ती रडली का, परत आली का, तुला कधीच कळणार नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर बाल न्याय अधिनियमाच्या ८१ व्या कलमाखाली मूल विकणं आणि विकत घेणं यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. त्यात ज्याच्या ताब्यात मूल आहे तो, म्हणजे दवाखान्यातला माणूस, असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. खोटा जन्मदाखला हा वेगळा गुन्हा. आणि उघडकीला आलं की मूल काढून घेतात. दोन वर्षं तुला आई म्हणणारं मूल जीपमध्ये बसवून नेतात. त्या ओळखीच्या बाईंना सांग की आमची रीतसर नोंदणी झालीय. त्यांनी दवाखान्याचं नाव सांगितलं असेल तर तेही बाल संरक्षण कक्षाला कळव. शेजारधर्म म्हणून गप्प बसू नकोस गं. तिथे आज कुणीतरी दुसरी बाई आडवी झालेली असेल.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. त्या ज्या काळात वाढल्या तिथे दत्तक असंच होत असे, आणि घरात मूल यावं असं त्यांना वाटतं ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. कायद्यानेही ते होऊ शकतं. १९५६ च्या कायद्याने रीतसर दत्तकविधान करून, दत्तकपत्र नोंदवून होतं. दत्तहोम त्यासाठी सक्तीचा नाही. बाल न्याय अधिनियमातही नातेवाइकाचं मूल घेण्याची तरतूद आहे, आणि त्यात मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. पण तुझ्या पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, पण तुझी जाऊ काय म्हणते त्याची एक ओळ नाही. आईच्या संमतीशिवाय यातलं काहीही होत नाही, कायद्याने नाही आणि माणुसकीने तर नाहीच. सगळे बसलेले असताना तिला विचारू नकोस, त्या बैठकीत ती हो म्हणेल. दळायला, देवळात, कुठेतरी दोघीच असताना विचार. तिने क्षणभर जरी मान खाली घातली तर तो विषय तिथेच सोड आणि घरात तूच सांग की आम्हाला ते नको. तिच्यावर घेऊ नकोस. आणखी एक लक्षात ठेव, एकदा दत्तक दिलेलं मूल परत घेता येत नाही, आणि ते मूल आपल्या जन्मदात्या आईला रोज काकू म्हणून हाक मारत त्याच अंगणात वाढणार असतं. काही घरांत ते छान जमतं. ज्या घरात सगळे मोकळेपणी बोलतात तिथे जमतं.

भाचीच्या पंधरा हजारांचं सांगितलं, आता तिच्या मुलीचंही सांगते. चौदा महिन्यांची असताना ती घरी आली. आता नऊ वर्षांची आहे. पहिल्यापासून तिला माहीत आहे, कारण भाचीने अंघोळ घालताना, वेणी घालताना, ती गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीत मी कऱ्हाडला गेले होते. दुपारी सगळे आडवे झालेले, आणि ही जमिनीवर पालथी पडून एक निळी प्लास्टिकची फाईल वाचत होती. त्यात तिचा बालक अध्ययन अहवाल, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, समितीचा आदेश, दत्तकाचा आदेश, सगळं पारदर्शक पिशव्यांत लावलेलं. पोर्टलवर मूल सुचवलं जातं तेव्हा हेच पहिले दोन अहवाल येतात आणि मूल राखून ठेवायला ४८ तास असतात. तेव्हा भाचीने ते घाईघाईत बालरोगतज्ज्ञाला दाखवले होते. तूही ओळखीचा एक बालरोगतज्ज्ञ आताच बघून ठेव. मुलगी मात्र ते अहवाल वेगळ्याच डोळ्यांनी वाचत होती. "आज्जी, मी आले तेव्हा आठ किलो दोनशे होते. आणि माझं नाव दुसरंच होतं." संस्थेत ठेवलेलं नाव ती दोन-तीनदा पुटपुटली.

मग तिने शेवटची पिशवी दाखवली. त्यात वर्तमानपत्राची झेरॉक्स होती. ती मीच शोधून दिली होती. अहवालात संस्थेत आल्याची तारीख होती, तिच्यावरून मी त्या महिन्याचे बांधलेले अंक काढायला लावले आणि दीड दिवस पानं उलटली. तेराव्या अंकात तो चौकोन सापडला. शाई फुटलेला फोटो, टोपडं, मिटलेली मूठ. तिने त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे मला शोधत होते?" मी म्हटलं, "तुझ्या माणसांना शोधत होते. तू तर सापडली होतीस." तिने मान हलवली आणि फाईल बंद करून फटाके बघायला गेली.

पुढे मोठी झाल्यावर तिला आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर त्याची रीत नियमांत आहे. अठराच्या आत असेल तर आईवडिलांसोबत, नंतर स्वतः, अर्ज करता येतो, आणि संस्थेने कागद सांभाळून ठेवलेले असतात. किती सापडेल ते तिच्या नशिबावर. पण दवाखान्यातून 'सोय' केलेल्या मुलाला उलटायला एक पानसुद्धा नसतं. जन्मदाखल्यावर तुझं नाव, तुझ्या नवऱ्याचं नाव, आणि त्याच्या आधीचं सगळं कोरं.

म्हणून तू आता जे वाचणार आहेस, जमवणार आहेस, ते एका फाईलमध्ये ठेव. नोंदणीच्या पावतीची प्रत, समाजसेविका आली ती तारीख, फोनवर कुणी काय सांगितलं त्याची टिपणं, सगळं तारीख घालून. मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला माणूस येतो, ते अहवालही त्यातच. वाट बघतानाचं तुझं एखादं पत्र ठेवलंस तरी चालेल. ती फाईल तुझ्याआधी कोण मागेल ते तुला आता कळलंच आहे.

या रविवारी दोघं मिळून पोर्टल उघडा. पत्ता शेवटपर्यंत वाचा. काही अडलं तर सोमवारी रजा काढून बाल संरक्षण कक्षात जा आणि तिथून सरळ नगरवाचनालयात ये. मी सोमवारी-गुरुवारी दुपारी तीननंतर वाचनकक्षात असते, खिडकीजवळच्या टेबलाशी. ६४९ मधली दोन पुस्तकं तुझ्यासाठी काढून ठेवते.

तुझी,
मावशी